एका बटणाचं उद्घाटन

तीन वर्षांपूर्वी शमिका आग्रेनं रत्नागिरीच्या शिक्षण मंडळाच्या चौदा शाळांमध्ये चौदा सर्व्हर एकटीनं उभे केले, तेव्हा त्याची बातमी कुठं आली नाही. बातमी येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. शाळेतल्या कुणीही एक पेनड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करायचं आणि चहाला जायचं. चाळीस मिनिटांनी परत यावं तर लिनक्स बसलेलं, मुलांची लॉगिनं तयार, प्रिंटरसुद्धा ओळख दाखवतोय. पेनड्राइव्हमध्ये फारसं काही नव्हतं. 'रत्नागिरीच्या सर्व्हरला विचार, पुढं काय करू' एवढीच अक्कल त्यात भरलेली होती. बाकीची सगळी अक्कल शमिकानं लिहिलेल्या एका फाइलीत होती. भाषा कोणती, कोणती डिस्क पुसायची, कशाला अजिबात हात लावायचा नाही, असे जे जे प्रश्न इन्स्टॉलेशन करताना मशीन माणसाला विचारतं, त्या सगळ्यांची उत्तरं तिथं ओळीनं मांडलेली होती. मशीन विचारणार, फाइल उत्तर देणार, माणूस चहा पिणार.

शमिका मूळची संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतली. वडील मुंबईत गिरगावच्या एका छापखान्यात, आई घरची भातशेती बघणारी. रत्नागिरीत माळनाक्यावरच्या मंडळाच्या कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत ती बसायची. मंडळाच्या लेखी तिचा हुद्दा 'संगणक सहायक' होता. ती कोणाची सहायक, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लिनक्सचं ते जुनं व्हर्जन आता बंद पडणार, त्याला नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, तेव्हा नव्या व्हर्जनवर जायला हवं, असा अर्ज तिनं वर्षापूर्वी दिला. सहा महिन्यांनी पुन्हा दिला. दोन्ही अर्ज कार्यालय अधीक्षक हेमाताईंनी इमानदारीनं फाइलला लावले. मग मुकुल आला.

मुकुल म्हणजे अध्यक्ष राजाभाऊंचा भाचा. पुण्यात दहा वर्षं कुठल्याशा कंपनीत होता, आणि 'मला आता मातीशी जोडलं जायचंय' असं म्हणून रत्नागिरीत परतला होता. मातीशी जोडलं जाण्यासाठी त्याला वातानुकूलित खोली आणि 'डिजिटल सल्लागार' अशी पाटी लागली. पहिल्याच बैठकीत त्यानं पडद्यावर नव्या व्हर्जनचं मुखपृष्ठ दाखवलं आणि म्हणाला, "आपण अपग्रेड व्हायला हवं." शमिकानं हेच लिहिलं तेव्हा तो अर्ज होता. मुकुल बोलला तेव्हा ती दूरदृष्टी झाली.

राजाभाऊ हापूसच्या दोन हजार कलमांचे मालक. संगणकातलं त्यांना कळत नसे आणि तसं ते उघड सांगतही असत, पण समारंभ त्यांना चांगला कळे. ठरलं असं, की मुंबईच्या एका न्यासाचे विश्वस्त पाहुणे म्हणून बोलवायचे. त्यांनी सभागृहात एक बटण दाबायचं, आणि पडद्यावर चौदा शाळांचे चौदा लाल चौकोन एकापाठोपाठ हिरवे व्हायचे. शनिवारचा मुहूर्त धरला. आदल्या सोमवारी अकरा वाजता रंगीत तालीम.

सव्वाअकराला शमिकाचा फोन वाजला.

"शमिकाबाय, गंगाराम बोलतोय. पूर्णगडवरनं."

गंगाराम पूर्णगडच्या शाळेतले शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिथल्या सर्व्हरला मुख्याध्यापकांपेक्षा तेच जास्त ओळखत.

"बोला काका. किती टक्के झालं?"

"टक्के कसले? हा मेला भाषा विचारतोय."

"भाषा?"

"हां. ही एवढी मोठी यादी आलेय. मराठी पण आहे त्यात. दाबू काय मराठी?"

"काही दाबू नका काका! तसंच राहू दे."

तोवर बाकीचे फोन सुरू झाले होते. चिपळूणच्या बाईंनी मराठी दाबून टाकली होती आणि 'आता पुढं सगळं मराठीत विचारतंय, पण ते काय विचारतंय ते मराठीत असूनही कळत नाही' अशी त्यांची तक्रार होती. बुरोंडीच्या दीपक सरांनी तर आफ्रिकान्स निवडली होती.

"का सर?" शमिकानं विचारलं.

"यादीत पहिली होती," सर म्हणाले. "मला वाटलं, पहिली ती शिफारस केलेली."

चौदाही शाळांत मशीन भाषेपाशी अडून बसलं होतं. आपोआप होणारं इन्स्टॉलेशन माणसाला भाषा विचारायला लागलं, की त्याचा अर्थ एकच. त्यानं उत्तरांची फाइल वाचलेलीच नाही. फाइल चुकलीय असंही त्याचं म्हणणं नव्हतं. अशी काही फाइल असते, हेच त्याच्या गावी नव्हतं.

बारा वाजता राजाभाऊंच्या खोलीत तातडीची बैठक झाली. राजाभाऊंचा एक कान फोनला होता. बागेत मोहोरावर तुडतुडे दिसले होते आणि फवारणी आज करायची की उद्या, हा त्या क्षणी त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

"नेटवर्क लेयरचा इश्यू आहे," मुकुल म्हणाला. "कोस्टल बेल्टमध्ये हे होतंच. खाऱ्या हवेनं पोर्ट गंजतात."

"चिपळूणलाही तेच झालंय, सर," शमिका म्हणाली. "तिथं समुद्र नाही."

"चिपळूणला पूर येतो."

"जानेवारीत?" हेमाताईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

मुकुलनं ते ऐकलं नाही. न ऐकण्याचं कौशल्य त्यानं पुण्यात मिळवलेलं असावं. त्यानं चौकशी समितीची सूचना मांडली, ती मंजूर झाली, आणि समितीचा अध्यक्ष म्हणून त्यानं स्वतःचं नाव सुचवलं, तेही मंजूर झालं. शमिकाला समितीत घ्यावं का, असं हेमाताईंनी विचारलं.

"छे छे," राजाभाऊ फोनवर हात ठेवून म्हणाले, "तिला काम करू द्या. समितीत कशाला वेळ घालवायचा पोरीनं?"

त्या दिवसभरातलं तेवढं एकच वाक्य शमिकाला मनापासून पटलं.

जिन्याखालच्या खोलीत एक जादा मशीन होतं. ते तिनं टेबलावर घेतलं आणि आधी रत्नागिरीच्या सर्व्हरची नोंद उघडली. कुठल्या मशीननं किती वाजता काय मागितलं, ते त्यात सगळं लिहिलेलं असतं. चौदा मशीननी अकराच्या सुमाराला दार ठोठावलं होतं. लिनक्सचा गाभा मागितला, मिळाला. त्याच्यापुढचं सामान मागितलं, तेही मिळालं. उत्तरांची फाइल मात्र एकानंही मागितली नव्हती. म्हणजे नेटवर्क धडधाकट होतं आणि पोर्टांना खाऱ्या हवेनं काही केलेलं नव्हतं.

फाइल कुठं ठेवलीय तो पत्ता मशीनला सुरुवातीच्या एका ओळीत द्यायचा असतो. ती ओळ तीन वर्षं तशीच होती. तीन वर्षं चाललेली ओळ आज का चालेना? शमिकानं नव्या व्हर्जनबरोबर आलेली बदलांची पुस्तिका उघडली. तीच, जिचं मुखपृष्ठ मुकुलनं पडद्यावर दाखवलं होतं. आतली पानं बहुधा तिच्याआधी मंडळात कुणी उघडली नव्हती. दीड तास वाचल्यावर मधेच कुठंतरी एक साधं वाक्य सापडलं. या व्हर्जनपासून अशा सूचनांच्या नावाआधी चार अक्षरं आणि एक टिंब लावणं सक्तीचं आहे. ते नसेल तर ती सूचना दुर्लक्षिली जाईल.

दुर्लक्षिली जाईल. चूक सांगणार नाही, थांबणार नाही, नुसतं ऐकलंच नाही असं दाखवून पुढं जाईल. हे वागणं तिच्या ओळखीचं होतं. वरच्या मजल्यावर ते रोज चालायचं.

पण मग तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि तिचा चेहरा उतरला. जुनं व्हर्जनही हे सांगत होतं. प्रत्येक वेळी मशीन चालू होताना पडद्यावरून एक इशारा सरकत जायचा: 'ही पद्धत लवकरच बंद होणार आहे.' तीन वर्षं तो सरकत होता, आणि तीन वर्षं तीसुद्धा इतरांसारखी चहाला जात होती. याचं खापर काही मुकुलवर फोडता येत नव्हतं. क्षणभर तिला त्याचं वाईटच वाटलं.

चार अक्षरं आणि टिंब लावून तिनं टेबलावरचं मशीन पुन्हा चालू केलं. या वेळी त्यानं फाइल मागितली, घेतली, आणि चौदाव्या ओळीवर अडकलं. म्हणालं, ओळ समजत नाही.

ओळ तिनंच लिहिलेली होती आणि डोळ्यांना ठीक दिसत होती. शब्द, मग दोन छोट्या आडव्या रेघा, मग पुढचा शब्द. तिनं अक्षरं मोठी करून पाहिली. दोन रेघा नव्हत्याच. त्यांच्या जागी एकच लांब, देखणी रेघ होती. पत्रं टाइप करायच्या सॉफ्टवेअरला दोन रेघा दिसल्या, की ते त्या जोडून एक सुबक रेघ करून देतं. पत्राला शोभा येते. मशीनला मात्र त्यातलं काहीही कळत नाही.

या फाइलीत कुणी, कधी, काय बदललं, याची नोंद आपोआप राहील अशी सोय शमिकानं पहिल्यापासून केली होती. तिनं ती उघडली. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटं. नाव मुकुलचं. बदलाचं कारण एका शब्दात लिहिलेलं: 'ब्यूटिफिकेशन'.

एकूण एकोणीस ओळींत रेघा जुळल्या होत्या. त्या तिनं एकेक करून सोडवल्या आणि फाइल चालवण्याआधी, नुसती खात्री म्हणून, जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. एक ओळ नव्हतीच. पहिली डिस्क सोडून बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष कर, असं सांगणारी ओळ.

ती तशीच जिना चढून मुकुलच्या खोलीत गेली.

"सर, 'इग्नोअर'ची ओळ तुम्ही काढलीत?"

"हो, काढली," मुकुल म्हणाला. "फाइल बोर्डासमोर दाखवायची होती. 'इग्नोअर' हा शब्द फार निगेटिव्ह वाटत होता. आपली संस्था कुणाला इग्नोअर करते का? मेसेज चुकीचा जातो."

"त्या ओळीमुळे दुसरी डिस्क वाचते, सर. ती नसताना फाइल चालली असती तर दोन्ही डिस्क पुसून कोऱ्या झाल्या असत्या. चौदा ठिकाणी."

"दुसऱ्या डिस्कवर काय असतं?"

"मुलांचं काम. तीन वर्षांचं. पूर्णगडच्या मुलांनी तिथल्या म्हाताऱ्या खलाशांना वाऱ्यांची, प्रवाहांची नावं विचारून रेकॉर्ड करून ठेवलीयत. त्यातले दोघे आता हयात नाहीत."

मुकुलनं रिमोट उचलून एसी एका अंशानं कमी केला.

"पण पुसलं गेलं नाही ना?" तो म्हणाला. "म्हणजे आपली सिस्टीम रोबस्ट आहे."

"तुमच्या रेघांनी फाइल बिघडली होती, आणि नव्या व्हर्जननं ती वाचलीच नाही, म्हणून वाचलो."

"तेच म्हणतोय मी. अपग्रेडचा फायदा."

शमिका खाली आली. मंगळवार ते गुरुवार तिनं चौदाही दुसऱ्या डिस्कांच्या प्रती रत्नागिरीला उतरवून घेतल्या. टेबलावरच्या मशीनवर नवी फाइल पाच वेळा चालवली. पाचही वेळा चाळीस मिनिटांत सगळं जागच्या जागी बसलं. शुक्रवारी तिनं राजाभाऊंना तसं सांगितलं.

"चाळीस मिनिटं?" मुकुल मधेच म्हणाला. "पाहुणे काय चाळीस मिनिटं बटणाकडे बघत बसणार?"

त्यानं त्यावर तोडगाही तयार ठेवला होता. दोन मिनिटांचा व्हिडिओ. बटण दाबलं की तो चालू होणार, चौदा चौकोन हिरवे होणार, शेवटी फुलं पडणार. "तुझं खरं काम मागं चालू दे की," तो उदारपणे शमिकाला म्हणाला. राजाभाऊ तेव्हा फवारणीवाल्याशी बोलत होते. 'व्हिडिओ' एवढंच त्यांच्या कानावर आलं आणि समारंभाचं चित्रीकरण होणार असं समजून त्यांनी मान डोलावली.

शनिवारी सभागृह भरलं. अकराला शमिकानं कडेच्या टेबलावरून खरं काम सुरू केलं. चौदाही मशीन एकापाठोपाठ फाइल घेऊन गेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाहुण्यांनी बटण दाबलं. सनई वाजली, चौकोन हिरवे झाले, फुलं पडली, पडद्यावर 'शंभर टक्के – हार्दिक अभिनंदन' अशी अक्षरं आली. टाळ्या थांबेनात.

पाहुणे जुने शिक्षक होते. पडद्यावर दिसलं म्हणजे झालं, असं मानायची त्यांना सवय नव्हती. ते माइकवर म्हणाले, "वा! मग एखाद्या शाळेशी बोलूया की. पूर्णगडला लावा फोन. माझं आजोळ आहे ते."

मुकुल 'नको नको' असे हात करत व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. पण हेमाताईंनी तोवर नंबर लावून फोन माइकशेजारी ठेवलाही होता. इतकी तत्परता त्यांच्यात कार्यालयानं वीस वर्षांत पाहिली नव्हती.

"हॅलो, झालं का तुमचं?" पाहुण्यांनी विचारलं.

"कोण बोलतंय?" गंगारामांचा आवाज सभागृहभर घुमला.

"मी पाहुणा बोलतोय, रत्नागिरीहून."

"झालं कुठलं, साहेब! आत्ताशी नऊ टक्के. शमिकाबायनं सांगितलंन, चाळीस मिन्टं लागणार. घाई करून काय होतंय?"

त्यांचं बोलणं चालू असताना पडद्यावर पूर्णगडचा हिरवा चौकोन लुकलुकत होता. शमिकानं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना.

मुकुलनं माइक हातात घेतला. "पूर्णगडला थोडा लोकल इश्यू आहे," तो म्हणाला. "कोस्टल बेल्ट."

"हां, हां," पाहुणे समजूतदारपणे म्हणाले, "हवा खारी."

पुन्हा टाळ्या झाल्या. सगळे जेवायला गेले. अकरा चाळीसला चौदाही शाळांत नवं लिनक्स बसलं, तेव्हा सभागृहात शमिका आणि खुर्च्या उचलणारे दोघे एवढेच होते.

इथं गोष्ट संपली असती तर शमिकानं ती विसरूनही टाकली असती. पण बुधवारी गंगाराम एस्टीनं रत्नागिरीला आले आणि जिन्याखालच्या खोलीत येऊन त्यांनी एक कागद तिच्यापुढं ठेवला. कारणे दाखवा नोटीस. 'अन्य तेरा शाळांचे काम दोन मिनिटांत पूर्ण झाले असता पूर्णगड शाळेचे काम रखडले, तसेच आपण पाहुण्यांसमोर ते जाहीर करून मंडळाची प्रतिमा मलिन केली, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून मुकुलची सही.

"बाय, मी खोटं काय बोललो?" गंगारामांनी विचारलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना आलेली ही पहिली नोटीस होती. कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी पडणार नाही असा आणला होता. ते बघून शमिकाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"काका, बसा," ती म्हणाली. "खुलासा मी लिहिते. सही तुमची."

खुलासा अर्ध्या पानाचा झाला. त्याला तिनं दोन कागद जोडले. पहिल्यावर शनिवारी अकरा वाजून आठ मिनिटांची चौदा शाळांची नोंद होती: सगळ्यात मागची पाच टक्क्यांवर, सगळ्यात पुढची दहावर, आणि पूर्णगड दुसऱ्या क्रमांकावर. दुसऱ्यावर फाइलमधल्या बदलांची नोंद, ओळवार, नावासकट. मग दोघं रिक्षा करून राजाभाऊंच्या बागेत गेले. कार्यालयात गाठलं तर मुकुल शेजारी बसलेला असणार, हे तिला माहीत होतं.

राजाभाऊ एका कलमाची फांदी वाकवून मोहोर बघत होते. त्यांनी कागद उभ्यानंच वाचले. पुन्हा वाचले.

"म्हणजे त्या वेळी तेरा शाळांतही झालं नव्हतं?"

"नाही, भाऊ."

"आणि पडद्यावर दिसलं ते?"

"तो आधी बनवलेला व्हिडिओ होता."

राजाभाऊ फांदी सोडून खाली दगडावर टेकले. "गेल्या वर्षी फवारणीला एक माणूस ठेवला होता," ते म्हणाले. "मी मुंबईला गेलो की रोज फोटो पाठवायचा. कलमं ओलीचिंब, पंप पाठीवर. परत येऊन बघतो तर मोहोर काळा पडलेला. सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले होते. दुसऱ्या दिवशी हाकलला त्याला. असला माणूस मी बागेत ठेवत नाही."

"आणि मंडळात?" शमिकाच्या तोंडून निघून गेलं.

राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

"मंडळात बहिणीचा मुलगा आहे," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर मंडळाच्या इतिहासात कुणाला मिळालं नसेल. गंगाराम खाकरले. शमिकानं ती संधी सोडली नाही. फाइलीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि नवं काहीही आधी जादा मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय शाळांत सोडायचं नाही, एवढं लेखी हवं, असं ती म्हणाली. राजाभाऊंनी खिशातलं पेन काढून तिच्याच कागदाच्या मागं तसं लिहिलं आणि सही केली. नोटिशीवर आडवी रेघ मारून 'नजरचुकीने दिली गेली' असं लिहिलं. कुणाच्या नजरेची चूक, ते त्यांनी मोकळं सोडलं. गंगारामांना मात्र त्यांनी स्वतः गाडीनं स्टँडवर सोडलं आणि वाटेत दोनदा म्हणाले, "मनावर घेऊ नका हो."

मुकुलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद झाला. त्याबद्दल त्याला पदोन्नती मिळाली; पाटीवर आता 'मुख्य मार्गदर्शक' आहे. मार्च महिन्यात पुण्याच्या एका परिषदेत त्याला भाषणाला बोलावलं. विषय होता 'दोन मिनिटांत चौदा शाळा'. निघण्यापूर्वी त्यानं भाषणाचा मसुदा शमिकाकडं पाठवला आणि तांत्रिक बाजू तेवढी तपासून दे म्हणून सांगितलं. शमिकानं त्यातलं शुद्धलेखन तपासून दिलं. तपासण्यासारखी दुसरी बाजू त्यात नव्हती.